दुखणं दहापैकी किती?

तोंडाचा कॅन्सर फार पुढे गेला की मोठ्या शहरातून रुग्णाला परत पाठवताना एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘घरी न्या, सेवा करा.’ ती सेवा कशी करायची हे सांगायला मात्र जंगलातल्या घरापर्यंत सहसा कोणी पोचत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा सर्रास खाल्ला जातो, त्यामुळे हा प्रश्न इथे अनेक घरांचा आहे.

पहिला त्रास जखमेच्या वासाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला तो नवा नाही. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा चिघळलेल्या जखमांमुळे कुष्ठरोग्याजवळ कोणी बसत नसे. त्या जखमा धुणारे हात त्याला समितीच्या वरोऱ्याजवळच्या आनंदवनात मिळाले. कॅन्सरच्या जखमेचा वास मुख्यतः ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने जखम स्वच्छ करून तिच्यावर मेट्रोनिडॅझोल लावलं, तर बहुतेकदा काही दिवसांत वास उतरतो आणि नातवंडं पुन्हा खाटेजवळ येतात.

दुसरा त्रास वेदनेचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितलं, की वेदनाशामक शक्यतो तोंडाने द्यावं आणि घड्याळ पाहून द्यावं. तीव्र वेदनेवर साधं मॉर्फिन दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. रुग्ण कळवळेपर्यंत थांबायचं नाही. मॉर्फिनसाठी पूर्वी अनेक परवाने लागत. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ती वाट सोपी केली.

पण खेड्यात हे सगळं करणार कोण?

याचं उत्तर गडचिरोलीनेच एकदा दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं ही कामं या आरोग्यदूत करू लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला, आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली.

जन्मासाठी जे जमलं, ते अखेरच्या दुखण्यासाठीही करून, मोजून पाहायला हवं. रुग्णाच्या उशाशी एक वही असावी : आज दुखणं दहापैकी किती, झोप लागली का, शौचाला झालं का, पुढचा डोस किती वाजता. आकडा चढू लागला की आशाताईंनी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करावा, आणि तिथल्या डॉक्टरांपाशी मॉर्फिन असावं.