लेकरांच्या प्रश्नांना जागा द्या
(राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथील पालक मेळाव्यात केलेलं भाषण)



आज 23 ऑगस्ट. 2023 साली याच दिवशी आपलं चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. 2025 साली जून महिन्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि 15 जुलैला सुखरूप परत आले. तेव्हापासून मुलं विचारतात, "तिथं माणसं तरंगतात कशी?"

याचं उत्तर आपल्या शेतातच आहे. गोफणीचा दगड जितक्या जोरानं सुटतो, तितका लांब जाऊन पडतो. तोच दगड हवेच्याही वर नेऊन सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर वेगानं सोडला, तर तो पडतच राहतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळं जमिनीला टेकत नाही, तिच्याभोवती फिरत राहतो. स्थानक तसंच पडत असतं, आतली माणसंही त्याच्यासोबत पडत असतात, म्हणून ती तरंगतात. गोफण फिरवणाऱ्या पोराला हे चटकन कळतं. मग ते म्हणतं, "मला पण तिकडं जायचंय." आणि आपण हसतो. म्हणतो, "आधी शेळ्या बघ." हे हसणं आपण थांबवावं, एवढंच सांगायला मी उभा आहे.

आकाश आपल्या लोकांना नवीन नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत जाऊन ताऱ्यांच्या गोष्टी लिहून घेतल्या. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. तुमच्या घरातल्या आजीला विचारा, तिच्याजवळही असं काही निघेल. शिक्षकांनी सप्तर्षी शिकवताना ही बाजही दाखवावी. मग विज्ञान मुलांना परकं वाटणार नाही.

पायाखालचा दगड बघा. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या दगडात कोरलंय, तो बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तेही बेसाल्टचेच. लोणारला याच दगडावर उल्का आदळून जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. चंद्रावरची आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथं येतात. आपल्या शहरात एमजीएमच्या आवारात डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे. शाळेची एखादी सहल तिकडं जाऊ द्या.

कलामसाहेब स्वतः रामेश्वरमच्या एका नाववाल्याचा मुलगा. पक्षी कसा उडतो हे वर्गात समजेना, तेव्हा त्यांचे गुरुजी शिवसुब्रमण्य अय्यर मुलांना समुद्रकाठी घेऊन गेले. तिथं उडते पक्षी पाहून या मुलाच्या मनात उडण्याचं वेड शिरलं.

पुढे ते केरळमधल्या थुंबा गावी कामाला लागले. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा तिथून जवळून जाते, म्हणून अग्निबाण सोडायला ती जागा हवी होती. पण तिथं कोळी बांधवांची वस्ती आणि सेंट मेरी मॅग्डलिन यांचं चर्च होतं. विक्रम साराभाईंनी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडं जागा मागितली. बिशपांनी मंडळीला विचारलं आणि त्या गरीब मच्छिमारांनी आपलं प्रार्थनामंदिर दिलं. चर्चमध्ये कचेरी थाटली गेली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तिथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. आज त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे.

त्यांनी देवाचं घर दिलं. आपल्याकडं कुणी एवढं मागत नाही. आपल्याकडं मागणं आहे ते लेकराच्या शाळेच्या सहा महिन्यांचं.

दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू होईल. काहींनी मुकादमाकडून उचलही घेतली असेल. तुमची अडचण मला कळते. पोट कुणाला चुकलंय? पण सातवी-आठवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर गेली, तर ती मार्चपर्यंत वर्गात नसते. प्रकाश, बल, गती हे धडे तिच्यावाचून होऊन जातात. मग पुढच्या वर्षी ती गप्प बसते. प्रश्न विचारणारं लेकरू असं हळूहळू मुकं होतं. म्हणून आत्ताच मुख्याध्यापकांना भेटा, हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, नाहीतर लेकराला आजीजवळ गावात ठेवा. काय जमत नाही ते आम्हाला सांगा. आपण मिळून वाट काढू.

सगळीच मुलं अंतराळवीर होतील, असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण इस्रोत दहावीनंतर आयटीआय केलेल्या फिटर, वेल्डर मुलामुलींसाठीही जागा निघतात. अग्निबाण पुष्कळ हातांनी उभा राहतो. त्यात एखादा हात आपल्या वस्तीतला असायला काय हरकत आहे?

शुभवर्तमानात मागी लोक तारा बघत निघाले आणि एका गरिबाघरच्या बाळापाशी पोहोचले. आपली बाळं तर आपल्याच घरात आहेत. आज ढग असतील. जेव्हा आभाळ निवळेल, तेव्हा दिवा मालवून त्यांच्यासोबत अंगणात बसा. ती जे विचारतील त्याचं उत्तर येत नसेल, तर म्हणा, "उद्या गुरुजींना विचारू." आणि विचारायला त्यांच्यासोबत जा.

प्रभू तुमच्या लेकरांना आशीर्वाद देवो. जोहार.