गाडी मागच्यालाच का लागते?

‘बस लागते, मान्य. पण बाईक कुणाला लागते का?’ असं विचारणाऱ्यांनी पोलादपूरहून आंबेनळी घाटात मागच्या सीटवर बसून मोबाईल बघावा. महाबळेश्वर यायच्या आत उत्तर मिळेल.

होतं काय, तर आपल्या कानात पार आतल्या बाजूला तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळल्याचं कळतं. आता डोळे स्क्रीनवर. डोळे म्हणतात, आपण जागेवरच आहोत. कान म्हणतो, अरे वळतोय! या भांडणात पोट ढवळतं. चालवणाऱ्याला वळण आधी दिसतं, हँडलही त्याच्याच हातात, म्हणून त्याला सहसा काही होत नाही.

तेव्हा मागे बसलात तर मोबाईल खिशात. चालवणाऱ्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा, तो झुकेल तिकडेच झुका. मळमळायला लागलं तर लाजू नका, पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला सांगा. बंद हेल्मेटमध्ये उलटी होणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

पण चालवणाऱ्यालाच गरगरलं तर? ते गाडी लागणं नव्हे. कानात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. ते जागा सोडून त्या नळ्यांत शिरले, की मान वर केली किंवा कुशीवर वळलं तरी सगळं गरागरा फिरतं. बहुतेकदा मिनिटाच्या आत थांबतं. मग आपण म्हणतो ‘पित्त झालंय’, लिंबूपाणी पितो आणि किक मारतो. पण साठच्या स्पीडला मिनिटात एक किलोमीटर जातो आपण!

यावर इलाज आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण परत जागेवर आणतात. त्याला एपली पद्धत म्हणतात. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. यूट्यूब बघून मात्र करू नका, चक्कर याच कारणानं येतेय का ते आधी तपासावं लागतं. आणि चालवणार असाल तर मळमळीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अचानक चक्कर येते का, हा प्रश्न असतो बरं का. बहुतेक जण न वाचताच ‘नाही’ करतात. रात्री कूस बदलताना खोली फिरली असेल, तर सकाळी किल्ली दुसऱ्याकडे द्या, स्वतः मागे बसा. चक्कर थांबली नसेल तर मात्र सरळ रिक्षा करा.