ताल धरणारे विद्युन्मंडल

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या मोटारीने शिरवळ मागे टाकले की खंडाळा लागतो. बोरघाटातील, हवा खाण्यासाठी प्रसिद्ध असलेला खंडाळा तो हा नव्हे. हा सातारा जिल्ह्यातील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. पुढे घाटाची वळणे सुरू झाली की रेडिओवरील पुण्याचे 101 मेगाहर्ट्झचे केंद्र खरखरू लागते, आणि प्रवासी कंटाळून बटण दाबतो. आकडा बदलतो. तो 103 झाला असे धरू. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत यंत्र नव्या जागी स्थिर झालेले असते. एवढ्या अल्प काळात त्याच्या पोटात जी झटापट होते, तिचाच विचार येथे कर्तव्य आहे.

रेडिओयंत्रात एक स्वतःचा आंदोलक असतो. 101 मेगाहर्ट्झचे केंद्र ऐकावयाचे तर त्या आंदोलकास बहुधा 10.7 मेगाहर्ट्झ वर, म्हणजे 111.7 वर, राहावे लागते. आता अडचण अशी की ज्या आंदोलकाची कंपनसंख्या हवी तशी बदलता येते, तो मुळातच चंचल असतो. ऊन लागले की सरकतो, विजेचा दाब किंचित हलला की हलतो. उलट स्फटिकाचा आंदोलक मोठा निश्चयी, परंतु त्यास एकच सूर येतो. चंचलाला निश्चयी आंदोलकाच्या दावणीस बांधणारे जे विद्युन्मंडल, त्यास फेज-लॉक्ड लूप असे म्हणतात.

याच खंडाळा तालुक्यात लोणंद आहे. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तेथे मुक्काम करते. दिंडीतील टाळकऱ्याकडे क्षणभर लक्ष द्यावे. मृदंग काही ओळी पुढे वाजत असतो. टाळकरी त्याची थाप ऐकतो, आपला टाळ मागे पडला की पुढे पडला ते जाणतो, आणि हात तेवढाच जलद वा मंद करतो. आंदोलन आपल्या फेऱ्यात कोठवर आले आहे, त्या स्थानास कला म्हणतात. टाळकरी मृदंगाच्या व टाळाच्या कलेतील अंतर मोजून ते शून्यावर आणीत असतो. विद्युन्मंडलही हेच करते. चंचल आंदोलकाची 1117 आंदोलने मोजून झाली की एक ठोका पडतो. स्फटिकाकडून सेकंदास एक लक्ष ठोके येत असतात. दोन ठोक्यांतील अंतर पाहून एक छोटा विद्युत्प्रवाह निघतो, तो एका गाळणीतून जातो, आणि गाळून निघालेला दाब चंचल आंदोलकास आवरतो किंवा पुढे ढकलतो. 103 वर जावयाचे म्हणजे मोजणी 1117 ऐवजी 1137 करावयाची, इतकेच.

कल्पना जुनी आहे. हॉलंडच्या हायगेन्सने 1665 साली एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळे आपोआप एकमेकांच्या ठेक्यात येतात असे पाहिले होते. रेडिओग्रहणासाठी असे मंडल 1932 मध्ये द बेलेसीझ या फ्रेंच अभियंत्याने मांडले. पुढे हे सारे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आले आणि घरोघरी शिरले.

खरी अडचण टाळकऱ्याने किती कान द्यावा ही आहे. तो जर प्रत्येक थापेनिशी हात बदलू लागला, तर लय बदलताच तोही बदलेल खरा. पण गर्दीतील ओरड, बाजूच्या दिंडीचा मृदंग, यांनीही तो बिचकेल. दहा थापांचा अंदाज घेऊन मग हात बदलणारा टाळकरी संथ व गोड वाजवतो. मात्र पुढे लय वाढली की तो बराच वेळ मागे रेंगाळतो. मंडलातील गाळणी रुंद वा अरुंद करणे म्हणजे हेच. हिशेब असा : मंडलाची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदास 1000 ठेवली व झोके योग्य रीतीने शमविले, तर 2 मेगाहर्ट्झची उडी 1 किलोहर्ट्झच्या चुकीपर्यंत स्थिरावण्यास सुमारे 1.8 सहस्रांश सेकंद लागतात. तीच 100 केली तर 18, आणि 10 केली तर सेकंदाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. मोटारीतील प्रवाशास यातले काहीच जाणवावयाचे नाही. परंतु त्याच्या खिशातील भ्रमणध्वनीचे काय? जीएसएम पद्धतीत हा यंत्रोबा प्रसंगी सेकंदास 217 वेळा आपली कंपनसंख्या बदलतो. त्याला 18 सहस्रांश सेकंद थांबावयास सवड कोठली?

मग गाळणी रुंदच का करू नये? एक तर तुलनेचे लक्षावधी ठोके गाळणीतून पाझरून सुरात मिसळतात. म्हणून रुंदी तुलनेच्या कंपनसंख्येच्या दशांशाखालीच ठेवण्याचा प्रघात आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. स्फटिकाकडील आणि तुलना करणाऱ्या भागातील बारीकशी थरथर बाहेर येताना 1117 पट होते, आणि तिची शक्ती त्या संख्येच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ साडेबारा लक्ष पटींनी, वाढते. तथापि गाळणी जितकी अरुंद तितकी शांतता अधिक, ही समजूतही चूक आहे, आणि नवशिके अभियंते येथेच फसतात. चंचल आंदोलकाची स्वतःचीही एक थरथर असते व तिला वेसण घालण्याचे काम मंडलच करते. गाळणी फार अरुंद केली की ही वेसण सुटते. एका बाजूने स्फटिकाची वाढलेली थरथर, दुसऱ्या बाजूने आंदोलकाची मोकळी थरथर. जेथे दोहोंची पातळी सारखी होते, त्याच्या आसपास रुंदी ठेवणे हे शहाणपणाचे.

यातून वाटा काढल्या गेल्या त्या मोठ्या युक्तीच्या आहेत. पहिली सरळ : धावताना रुंद, पोहोचल्यावर अरुंद. उडीच्या वेळी तुलनेचा प्रवाह 16 पट करावा, म्हणजे मंडल 4 पट चपळ होते. पण त्याच वेळी गाळणीतील रोध चौथ्या हिश्श्यावर आणला नाही, तर झोके शमण्याचे प्रमाण बिघडते. शिवाय मूळ स्थितीस परतताना बसणारा लहानसा धक्का कित्येकदा कमावलेला सगळा वेळ खाऊन टाकतो. कागदावर उत्तम दिसणारी ही योजना प्रयोगशाळेच्या टेबलावर हिरमोड करते ती येथे. दुसरी युक्ती म्हणजे आधीच अंदाज बांधणे. 113.7 मेगाहर्ट्झसाठी साधारण किती दाब लागतो हे ठाऊक असेल, तर आंदोलकास प्रथम तेथे नेऊन सोडावे. मंडलास मग उरलेली बारीक चूकच मिटवावी लागते.

तिसरी युक्ती सर्वांत चतुर. तुलना सेकंदास एक लक्ष वेळा करण्याऐवजी दहा लक्ष वेळा करावी. मग मोजणी 111.7 झाली पाहिजे; पण अपूर्ण आंदोलन मोजावयाचे कसे? दहा फेऱ्यांपैकी सातांत 112 व तिहींत 111 मोजावीत. सरासरी बिनचूक 111.7 येते. मोजणी लहान झाल्यामुळे थरथरीची वाढ शंभरपटीने घटते. अर्थात तुलना करणारा भाग जलद चालल्याने त्याची स्वतःची थरथर दहापट वाढते. तरी निव्वळ लाभ दहापटीचा राहतो, आणि गाळणीही रुंद ठेवता येते. मात्र सात व तीन यांची ठराविक पाळी नवाच खोटा सूर उत्पन्न करते. म्हणून पाळी अशा हिशेबाने विस्कटतात की तिची खरखर वरच्या कंपनसंख्यांकडे ढकलली जावी. तेथे ती गाळणीत अडकते.

मोटारीतील यंत्रात थोडी थरथर राहिली तर गाण्यास किंचित सळसळ येईल, एवढेच. परंतु पुण्याच्या उत्तरेस, नारायणगावाजवळ खोडद येथे, याच थरथरीवर आकाशाचे चित्र अवलंबून असते. डॉ. गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राने तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांपैकी 14 मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या 16 तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या अंतरात पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकेकडून आलेला तरंग एका तबकडीवर किती आधी व दुसरीवर किती नंतर पोहोचला हे कलेवरूनच ठरते. मूळ रचनेत प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी आंदोलक असे, व तो मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूवरून येणाऱ्या तालाशी बांधलेला असे. दोन तबकड्यांचे आंदोलक स्वतंत्रपणे, प्रत्येकी सरासरी 10 अंश थरथरले तर दोहोंच्या जुळणीतील 3 टक्के संकेत बुडतो. 30 अंश थरथरले तर चौथा हिस्सा, आणि 60 अंशांवर दोन तृतीयांश. एवढी मोठी तबकडी उभारून तिचा दोन तृतीयांश भाग झाकून ठेवावा, तसे ते होय.

येथे घाई नाही. दुर्बीण तासन्‌तास एकाच पट्ट्यावर रोखलेली असते. सेकंदभर उशीर झाला तरी दीर्घिका कोठे पळून जात नाही. उन्हाने तंतूची लांबी बदलून येणारी मंद सरकही सोसते, कारण मधूनमधून एखाद्या परिचित उद्गमाकडे तबकड्या वळवून ती मोजता व वजा करता येते. जलद थरथर मात्र मागाहून वजा करता येत नाही. ती मुळातच नसावी लागते. मोटारीच्या यंत्राचा आणि भ्रमणध्वनीचा तराजू येथे उलटा होतो.

या दुर्बिणीचे पुढे नूतनीकरण झाले तेव्हा अभियंत्यांनी हा प्रश्न निराळ्याच टोकाकडून सोडविला. तबकडीच्या पायथ्याशी कंपनसंख्या बदलण्याचे काम सोडून देऊन, आकाशातून आलेला संकेत आहे तसाच प्रकाशतंतूवर चढवून मध्यवर्ती इमारतीत आणावयाचा, असे ठरले. तीस ठिकाणचे तीस ताल सांभाळण्याचा खटाटोप संपला. आता संकेताचे अंकांत रूपांतर होते ते एका छपराखाली. तेथे नमुने घेणाऱ्या यंत्रास घड्याळ लागतेच, आणि 1000 मेगाहर्ट्झच्या तरंगाचा नमुना घेताना ते घड्याळ सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या दहापट जरी चुकले, तरी कलेत 3.6 अंशांचा फरक पडतो.