यंत्राचा दिवा विझतो तेव्हा

मी रसायनशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. यंत्राने अलार्म कधी वाजवायचा हे आमच्यासारखे लोक ठरवतात, म्हणून बोलतोय.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने एक चमकणारा पॉलिमर बनवला. त्यावर विशिष्ट प्रकाश टाकला की तो उजळतो; टीएनटीचा रेणू चिकटला की तो रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि चमक मंदावते. लग्नमांडवातल्या जुन्या दिव्यांच्या माळा आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. इथेही एकच रेणू लांब साखळी विझवतो, म्हणून हवेतला अगदी किंचित अंशही पकडला जातो. याच तत्त्वावरचं ‘फिडो’ हे उपकरण इराकमध्ये सैनिकांनी वापरलं. त्याने जीव वाचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण यंत्राला ‘बॉम्ब’ कळत नाही. इलेक्ट्रॉन ओढणारं काहीतरी आलं, एवढंच कळतं. कृत्रिम कस्तुरीतलं मस्क झायलीन हे रचनेने टीएनटीच्या भाऊबंदांतलं. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना असा पहिला सुगंध स्फोटकांवर काम करतानाच सापडला. (जुम्म्याला अत्तर लावून येणाऱ्यांनी घाबरू नये!) उलट आरडीएक्सची वाफ जवळजवळ होतच नाही, त्यामुळे ते निसटू शकतं.

आता माझा भाग. चमक किती घटली की अलार्म, ही मर्यादा कोडमध्ये लिहिलेली असते. समजा शंभर निरपराध माणसांमागे एकदा चुकीचा अलार्म वाजतो. दिवसाला पन्नास हजार माणसं तपासली, तर पाचशे निरपराध बाजूला काढले जाणार.

बाजूला काढल्यावर काय होतं? २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट झाले, २१ माणसं मेली. सहा आयरिश माणसांना पकडलं. चाचणी वेगळी होती, ग्रीस टेस्ट. पण काहींच्या हातांवर ती पॉझिटिव्ह आली आणि तज्ज्ञाने कोर्टात ९९ टक्के खात्री दिली. ते रेल्वेत पत्ते खेळत आले होते. पत्त्यांवरच्या नायट्रोसेल्युलोजच्या थरानेही तोच निकाल येऊ शकतो, हे नंतर दिसलं. सुटले १९९१ मध्ये, सोळा वर्षांनी.

म्हणून इथल्या वकील मित्रांना विनंती: ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर थांबू नका. मास स्पेक्ट्रोमेट्रीचा दुसरा अहवाल मागा. कोऱ्या कापसाचीही चाचणी केली होती का, विचारा. आणि अलार्मची मर्यादा किती ठेवली होती, तेही.