दुसऱ्या पसंतीचे मोल



१९९० साली मी आयर्लंडमध्ये परिचारिका होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली होती. नागरिक नसल्याने मला मताधिकार नव्हता. भाकिते मात्र मीही करीत असे. फियाना फॉल पक्षाचा उमेदवार या निवडणुकीत तोवर कधीच हरला नव्हता. म्हणून वॉर्डातील बहुतेकांच्या मते ब्रायन लेनिहनच येणार होते.

एक वृद्ध रुग्ण म्हणाल्या, "माझी पहिली पसंती ऑस्टिन करी, दुसरी मेरी रॉबिन्सन."

मी म्हटले, "करी तिसरे येतील. तुमचे मत वाया जाणार, आजी."

७ नोव्हेंबरला मतदान झाले. पहिल्या मोजणीत लेनिहन यांना ६,९४,४८४ आणि रॉबिन्सन यांना ६,१२,२६५ मते पडली. करी तिसरे आले व बाद झाले. त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या, तेव्हा २,०५,५६५ मते रॉबिन्सन यांच्याकडे गेली. त्या आयर्लंडच्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या.

आजी तोवर घरी गेल्या होत्या. त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

"तुमचा उमेदवार कोण?" एवढेच विचारून आपण भाकीत करतो. "तो नसेल, तर कोण चालेल?" हे विचारीत नाही. आपल्या मंडळीच्या निवडणुकीतही हा दुसरा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.