निळ्या रंगाचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



सध्या आपल्यात एकच घोषणा घुमतेय : स्वतःचा रंगीत प्रिंटर घेऊ. वर्गणी जमलीय, दुकानात यंत्र स्वस्तात मिळतंय, मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? भावना रास्त आहे. १९२० साली पैसे मोजूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'नं नकार दिला. पुढं बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. २०१६ साली दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडला गेला. छापखान्याचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण बाबासाहेब अर्थशास्त्रीही होते. त्यांनी रुपयाचा प्रश्न मांडला, आपण निदान एका पानाचा हिशेब मांडू.

ऑफिसातला लेझर प्रिंटर स्वस्त मिळतो, कारण कंपनी कमावते ती टोनरवर. टोनरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, इतकी पानं निघतील. कसली पानं? एकेका रंगानं पानाचा साधारण ५ टक्केच भाग भरला तर! म्हणजे साहेबाचं पत्र आणि कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. आपलं पोस्टर असं असतं का? आपलं पोस्टर निळं असतं, काठोकाठ निळं!

समजा, एका रंगाचा टोनर ६,००० रुपयांना आणि त्यावर २,००० पानं. म्हणजे ५ टक्क्यांना ३ रुपये पडले. आपला गडद निळा काढायला सायन १०० टक्के धरा, मॅजेन्टा ७० टक्के. सायनचे ६० रुपये, मॅजेन्टाचे ४२. एका ए-फोर पानाला १०२ रुपये! पाचशे पानांना ५१,०००. कागद वेगळा. ड्रम, फ्यूजर, बेल्ट झिजतात ते आणखी वेगळं. यंत्र स्वस्त, निळा महाग. वर्गणी कुणाच्या खिशातून आली आणि कुणाच्या घशात गेली, बघा.

डिजिटल प्रेसमधलं मोठं प्रॉडक्शन यंत्र क्लिकवर चालतं. छापलेली एक बाजू म्हणजे एक क्लिक. पान काठोकाठ निळं असो की अर्धं रिकामं, बहुतेक करारांत रंगीत क्लिकचा दर एकच. टोनर आणि दुरुस्ती त्यातच. म्हणून प्रेसवाला आपल्याला पानावर दर सांगू शकतो. पण ते यंत्र लाखोंचं, त्याला रोज काम पाहिजे, शिकलेला माणूस पाहिजे. आपण ते घ्यायचं नाही, त्यावर छापून घ्यायचं. प्रती हजारांच्या घरात गेल्या तर ऑफसेटचाही दर विचारायचा. तिथं प्लेटचा खर्च एकदाच, तो सगळ्या प्रतींवर वाटला जातो.

आता दर्जा. छोट्या यंत्रावर सलग निळ्यात पट्टे उमटतात. पहिल्या प्रतीतला निळा शंभराव्या प्रतीत फिका पडतो. जाड कागद अडकतो, पाठपोट छपाई सरकते. प्रॉडक्शन यंत्र रंग मोजून दुरुस्त करतं, मुखपृष्ठाचा जाड कागद ओढतं. पण तिथंही दुकानातला चकचकीत नमुना बघून भुलू नका. आपलीच फाइल द्या. पहिली आणि शंभरावी प्रत शेजारी ठेवा. बाबासाहेबांचा चेहरा तांबडा नाहीतर हिरवट झालाय का, बघा. आणि फाइलमधला काळा मजकूर फक्त काळ्यातच ठेवा. चार रंगांचा काळा केलात तर निव्वळ मजकुराचं पानही रंगीत म्हणून मोजलं जाईल.

मग स्वतःचं यंत्र नकोच का? पाहिजे! पण काळं. साधा काळा लेझर. एकच टोनर, आणि मजकुराच्या पानाला खर्च थोडा. उद्या मोर्चा आहे, पत्रक आज रात्री निघालं पाहिजे. किंवा मजकूर असा आहे की हात लावायला प्रेसवाला घाबरतो. तेव्हा हेच यंत्र कामाला येईल. 'केसरी'नं नाकारला तो रंग नव्हता, शब्द होता. रंग भाड्यानं मिळतो. शब्द छापायचं यंत्र मात्र आपल्याच खोलीत पाहिजे.

जय भीम!