किल्ली कुठे असते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पावसाळा सुरू झाला की आमच्या कल्याण-डोंबिवलीत गल्लीगल्लीतून धूर फवारणी होते. मुलं धुरामागे धावतात, आपण खिडक्या लावून घेतो आणि काहीतरी उपाय झाला असं सगळ्यांना वाटतं. डॉक्टर म्हणून मला माहीत असतं की डेंग्यूचा डास गच्चीवरच्या टायरात साचलेल्या पाण्यात जन्मतो. ते पाणी दर आठवड्याला ओतून टाकणं हा खरा उपाय, पण त्याचा कुणी फोटो काढत नाही.

आज बोलायचं आहे ते मात्र डासांविषयी नाही, बंदुकीच्या गोळीविषयी.

2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालयाचा, माझा नव्हे. महेश गायकवाड आणि त्यांचे एक सहकारी जबर जखमी झाले, सुदैवाने वाचले. मूळ वाद होता द्वारली गावातल्या जमिनीचा. पुढे सहाच दिवसांनी दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणातच हत्या झाली. मारेकऱ्याने मग स्वतःलाही संपवलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल त्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाचं होतं.

आपण आठवडाभर चर्चा केली ती राजकारणाची. मला राहून राहून वाटत होतं, पोलीस ठाण्याहून कडक बंदोबस्त आणखी कुठला असणार? तिथेही गोळी सुटते, कारण राग आणि हत्यार यांच्यात हातभराचंच अंतर असतं.

हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने 1996 सालीच केला. गॅरी स्लटकिन नावाचे साथरोगतज्ज्ञ सोमालियात क्षय आणि कॉलऱ्याशी झुंजून अमेरिकेत परतले, तर शिकागोत तरुण मुलं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. एका गोळीबारातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. त्यांना ती साथच दिसली. मग 2000 सालापासून त्यांनी वस्तीतलीच, सगळ्यांच्या ओळखीची माणसं नेमली. कुठे भांडण शिजतंय याचा त्यांना आधी वास लागे, आणि सुडाची गोळी सुटण्याआधी ती मध्ये पडत.

आपल्याला यात नवल वाटू नये. 2007 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचं सूत्र याच जातीचं होतं. पण ती गावांसाठी होती. आमच्याकडे गावंच शहरात आली, बांधाच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, चुलतभाऊ कोर्टात गेले, आणि मध्ये पडणारं वडीलधारं माणूस मात्र उरलं नाही.

आता हत्यार. गावठी कट्टा हा पोलिसांचा प्रांत, त्यात मी पडत नाही. परवान्याच्या शस्त्राचं मात्र आपल्या हातात आहे. निवडणूक लागली की छाननी समिती बसते आणि गुन्हे दाखल असलेल्यांना, दंगलीत नाव आलेल्यांना शस्त्र जमा करावं लागतं. म्हणजे वातावरण तापलं की हत्यार दूर ठेवावं, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे! मग जमिनीचा वाद हातघाईवर आला असताना का नाही? सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित करण्याचा अधिकार 1959 च्या शस्त्र कायद्यात बाराही महिने आहे.

आणि धोका केवळ शत्रूला नसतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मन फार खचलं तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोलता येतं, पण फोन उचलायला लागणारी दोन मिनिटं हाती असायला हवीत. कपाटातलं भरलेलं पिस्तूल तीच दोन मिनिटं हिरावून घेतं.

आता माझी कबुली. 2016 च्या नियमांप्रमाणे परवान्याच्या अर्जाला शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. अशा प्रमाणपत्रांवर मी सह्या केल्या आहेत. रक्तदाब पाहिला, डोळे तपासले, चहा झाला, सही झाली. कुणाशी वाद चालू आहे का, झोप लागते का, दारू किती, घरात कुणी निराश आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. परवाना पाच वर्षांचा असतो. एवढ्या काळात माणूस किती बदलतो!

हल्ली मी विचारतो. मध्यंतरी एक ओळखीचे गृहस्थ आले. ‘डॉक्टरसाहेब, नुसती सही तर आहे,’ म्हणाले. मी विचारलं, पिस्तूल ठेवणार कुठे? कपाटात. आणि किल्ली?

‘देवघरात, फोटोमागे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.’

घरात कॉलेजात जाणारा मुलगा आहे. भिंतीत तिजोरी बसवा, गोळ्या वेगळ्या ठेवा आणि मग या, असं त्यांना सांगितलं. ते रागावून गेले. कागद अजून माझ्या टेबलावर आहे, सहीविना.